आमचा ॲक्सेल अजून बसत नाही

प्रिय ताई,

आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. मुलगी 15 वर्षांची आहे, सहाव्या वर्षापासून फिगर स्केटिंग करते. आठवड्यातले सहा दिवस पहाटे पावणेपाचला मी तिला रिंकवर नेते. आम्ही सिल्व्हर टेस्ट पास केली, पण गेल्या सीझनला नॉव्हिस गटात खूप खाली राहिलो, कारण उड्यांमध्ये आमचा डबल ॲक्सेल अजून बसत नाही. दोन वर्षांत उंची चार इंच वाढली आणि येत होती ती ट्रिपल सालको ही तीन गिरक्यांची उडीही गेली. मार्चमध्ये पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, आता बरं आहे. (पाळी चार महिने आलेली नाही, पण कोच म्हणतात खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच.) त्यांचं मत आहे की शाळा ऑनलाइन करावी आणि तिला कोलोरॅडो स्प्रिंग्जला त्यांच्या ओळखीच्या कोचकडे पाठवावं. आत्ता नाही तर कधीच नाही, म्हणतात. आताच वर्षाला 38,000 डॉलर जातात, तिकडे पाठवायचं तर घरावर कर्ज काढावं लागेल. नवरा म्हणतो बस झालं, आता कॉलेजचं बघा. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणतात, "पोरं घसरू नयेत म्हणून आम्ही जपलं, तुम्ही घसरायचे पैसे देता!" एका स्नेह्यांनी सुचवलं, भारताकडून खेळवा, तिथे चुरस कमी. मुलगी स्पष्ट काही बोलत नाही. परवा गाडीत एवढंच म्हणाली की पहाटेचा, कुणी न गेलेला बर्फ तिला आवडतो. ताई, यात करिअर आहे का? पाठवू की नको?

— पहाटेची सारथी

प्रिय सारथी,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे, म्हणून मी कंसापासूनच सुरुवात करते. कोलोरॅडो, कर्ज, कॉलेज सगळं बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात तिच्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्या. खेळाडूंना तपासणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम, नाहीतर तिचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. चार महिने पाळी नाही आणि त्याच वर्षात पायाचं हाड तडकलेलं, या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या वाक्यांत लिहिल्यात. डॉक्टर त्या एकत्र वाचतील.

होतं असं की दिवसभरात शरीर जेवढं खर्च करतं तेवढं पोटात जात नाही. मग शरीर काटकसरीला लागतं. पैसा कमी पडला की घरात आपण आधी हॉटेल बंद करतो, मग सहली. शरीर आधी पाळी बंद करतं. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन उतरलं, आणि ते उतरलं की हाडांत भर पडायची थांबते. हाडं भरायचं वय तर नेमकं हेच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या सगळ्या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं. त्यात मुलगी बारीक दिसायलाच हवी असं नसतं, हे लक्षात ठेवा. स्केटिंगमध्ये याचा फटका जास्त बसतो, कारण सहाच्या सहा प्रकारच्या उड्या एकाच पायावर उतरतात. डावीकडे फिरणाऱ्या मुली उजव्या पायावर. वजनाच्या कित्येक पट भार, तोही रोज, त्याच पायावर. तुमच्या मुलीचा कोणता पाय होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करू शकते.

डॉक्टरांना पाळीच्या तारखा, फ्रॅक्चरचा महिना आणि आठवड्याचे बर्फावरचे तास एका कागदावर लिहून द्या. लोह आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगा, हाडांची घनता मोजायची गरज आहे का ते विचारा, आहारतज्ज्ञाची चिठ्ठी घ्या. घरी तिच्या ताटाकडे टक लावून बसू नका, पण डबा किती परत येतो ते बघा. कोच चांगले असतील, पण हा विषय त्यांचा नाही. "असं होतंच" हे खरंय, होतंच. पण ते होऊ देण्याची किंमत काय असते तेही या खेळानं पाहिलं आहे. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये रशियाच्या सांघिक सुवर्णात मोठा वाटा असलेली युलिया लिपनित्स्काया तेव्हा 15 वर्षांची होती, तुमच्या मुलीएवढीच. ॲनोरेक्सियावर उपचार घेऊन तिनं 2017 मध्ये खेळ सोडला तेव्हा ती 19 वर्षांची होती. अमेरिकेची दोनदा राष्ट्रीय विजेती ग्रेसी गोल्ड त्याच वर्षी नैराश्य, चिंता आणि खाण्याच्या विकारावर उपचार घ्यायला थांबली. ती पुढे स्पर्धेत परत आली, हे आवर्जून सांगते. घाबरवायचा हेतू नाही माझा. फक्त कंस काढायचा आहे.

आता दुसरी गोष्ट. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली. "आम्ही टेस्ट पास केली." "आम्ही खाली राहिलो." "आमचा डबल ॲक्सेल अजून बसत नाही." तुमचा ॲक्सेल कशाला बसेल हो, तुम्ही तर गाडीत बसता!

हसण्यावारी नेते आहे, पण हसण्यासारखं नाही, आणि मी काही उंचावर उभी राहून बोलत नाही. माझा मुलगा पोहायचा. चौदाव्या वर्षी एका संध्याकाळी त्यानं जेवताना सांगितलं की उद्यापासून जाणार नाही, आणि पुढची पोळी मागितली. रडले मी. दोन महिने पहाटे साडेचारला जाग यायची ती मलाच. तेव्हा कळलं की त्या तलावात त्याच्याइतकीच मीही होते, फक्त कोरडी. म्हणून तुमचं 'आम्ही' मला लगेच ऐकू आलं.

या सगळ्या पत्रात मुलीच्या तोंडचं एकच वाक्य आहे, तेही पुसटसं: तिला पहाटेचा, कुणी न गेलेला बर्फ आवडतो. बर्फ गुळगुळीत करणारं झांबोनी यंत्र नुकतंच फिरून गेलंय, बर्फ ओला आणि काचेसारखा, आणि पहिली रेघ तिच्या ब्लेडची. नऊ वर्षं रोज अंधारात उठून तिथे जाणाऱ्या पोरीचं ते वाक्य आहे. त्यात ना पदक आहे, ना कोलोरॅडो. ते वाक्य मला तुमच्या कोचच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

तुम्ही सरळ विचारलंय, तर सरळ सांगते. एकेरीत ऑलिंपिक, या अर्थानं करिअर विचारत असाल तर नाही. महिला एकेरीत अमेरिकेला जास्तीत जास्त तीन जागा मिळतात, त्याही चार वर्षांतून एकदा. त्या तीन जागांसाठी झगडणाऱ्या मुलींची डबल ॲक्सेल दहाव्या-अकराव्या वर्षी बसलेली असते. ॲलिसा लिऊ 2019 मध्ये अमेरिकेची विजेती झाली ती 13 व्या वर्षी, ट्रिपल ॲक्सेल मारून. तुमच्या मुलीत काही कमी आहे असं मी म्हणत नाही. ॲक्सेल ही एकच उडी समोर तोंड करून घेतात, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त: डबल म्हणजे अडीच. हवेत वेळ मिळतो अर्ध्या सेकंदाच्या आसपास. चार इंच उंची वाढली, कंबर बदलली, म्हणजे अंग आवळून फिरायचा आस बदलला. जुन्या शरीराला पाठ असलेली उडी नव्या शरीराला पुन्हा शिकवावी लागते. कित्येक मुलींचं या वयात हे होतं, काहींची उडी परत येते, काहींची येत नाही. पण उपाशी हाडांवर तर ती नक्कीच येणार नाही, आणि तुमची मुलगी सध्या बहुतेक तिथेच अडकली आहे.

"आत्ता नाही तर कधीच नाही" या वाक्याचा मात्र मला राग येतो. हे वाक्य काही वर्षांपूर्वीपर्यंत तरी थोडं खरं होतं. 15 वर्षांच्या मुली मोठ्यांच्या गटात जिंकायच्या, सतराव्या वर्षी दुखापतींनी संपायच्या आणि पुढची तुकडी यायची. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 15 वर्षांच्या कामिला वालिएवाचं उत्तेजक चाचणीचं प्रकरण जगानं पाहिलं, आणि त्याच जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं सीनियर गटाची किमान वयोमर्यादा 15 वरून 17 करायचं ठरवलं, टप्प्याटप्प्यानं. म्हणजे खेळाच्या नियमांनीच आता मुलींना थोडी सवड दिली आहे. जपानची काओरी साकामोतो 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं जगज्जेती झाली, तेव्हा ती विशी ओलांडलेली होती. तिच्याकडे ट्रिपल ॲक्सेलही नव्हता आणि चार गिरक्यांची उडीही नव्हती. होता तो वेग, आणि लांबच लांब, निवांत उतरणाऱ्या उड्या.

आणि डिआना स्टेलाटो-डुडेक. ही माझी लाडकी, त्यामुळे थोडं लांबेल. 2000 मध्ये ती ज्युनियर विश्वस्पर्धेत रौप्य जिंकली, कमरेच्या दुखापतींनी सतराव्या वर्षी थांबली, आणि सोळा वर्षं बर्फावर नव्हती. त्वचेची निगा राखणाऱ्या तज्ज्ञ म्हणून नोकरी करत होती. तिशी उलटल्यावर जुने बूट बाहेर काढले, एकेरी सोडून जोडी स्केटिंगला गेली, पुढे कॅनडाच्या मॅक्सिम देशाँ याच्याबरोबर खेळायला लागली, आणि 2024 मध्ये मॉन्ट्रियलला दोघं जगज्जेते झाले. ती तेव्हा 40 वर्षांची होती. जोडी स्केटिंगमध्ये पुरुष बाईला डोक्यावर उचलतो, फेकतो, हे लक्षात घेऊन तो आकडा पुन्हा वाचा.

ॲलिसा लिऊचंही पुढचं ऐका, पण जपून ऐका. ती 2022 मध्ये सोळाव्या वर्षी निवृत्त झाली. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जाऊन आली, कॉलेजात मानसशास्त्र शिकायला लागली. मग एकदा स्कीइंगला गेली असताना तिला ते बर्फावरून सुटण्याचं सुख पुन्हा आठवलं. 2024 मध्ये परतली, या वेळी संगीत तिच्या पसंतीचं, सरावाचे तास तिनं ठरवलेले. 2025 मध्ये बॉस्टनला ती जगज्जेती झाली. अमेरिकन बाईनं ते जिंकायला 2006 नंतर इतकी वर्षं लागली. हे उदाहरण देताना मी दचकते, कारण आपल्याकडचे पालक यातून "म्हणजे ब्रेक घेतला की सुवर्णपदक" असं गणित मांडतील. तसं नाही ते. मला त्यातली वेगळी गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे: दार बाहेरून कुणी बंद करत नव्हतं. तिनं ओढून घेतलं, तिनंच उघडलं.

आता करिअर. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आशेची वाटलेली ओळ म्हणजे सिल्व्हर टेस्ट. अमेरिकेत टेस्ट आणि स्पर्धा हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि पालक दुसऱ्याच्या नादात पहिला विसरतात. टेस्टमध्ये समोर प्रतिस्पर्धी नसतो; परीक्षक बघतात, पास किंवा पुन्हा या. तिला प्री-गोल्ड आणि गोल्ड अशा दोनच राहिल्यात. स्केटिंग स्किल्समधल्या टेस्टला तर उड्याच लागत नाहीत. नुसतं ब्लेडच्या कडांवर सरकणं, वळणं, वेग. हाड बरं होईपर्यंत, डॉक्टर हो म्हणाले तर, तिला तिकडे वळवता येईल. गोल्ड झालेल्या मुलीला रिंकवर 'गोल्ड मेडलिस्ट' म्हणतात. ती ओळ तिच्या नावापुढून कधीच पुसली जात नाही, आणि कोच म्हणून उभं राहताना ती विचारली जाते. आपल्याकडे विशारद झालेल्या बाईकडे आया मुलींना गाणं शिकायला पाठवतात, तसंच काहीसं.

या खेळावर पोट भरणारे बहुतेक लोक पदकवाले नसतातच. तुम्हीच महिनोन् महिने ज्यांना चेक लिहिता ते बघा ना: लेसन घेणारे कोच, नाच बसवणारे कोरिओग्राफर, ब्लेडला धार लावणारा माणूस (चांगला धारवाला सापडणं हे चांगला शिंपी सापडण्याएवढंच भाग्याचं). आइस शो आहेत, 1999 पासून तर समुद्रावरच्या क्रूझवरसुद्धा रिंक आहे. तिथल्या समूहात ट्रिपल उड्या लागतातच असं नाही. विशी-पंचविशीतल्या मुलीला दोन-चार वर्षं जग बघायला बरं. मात्र करारावर करार, घर असं नाही.

त्याहून मोठं घबाड तुमच्या अंगणात आहे आणि तुम्ही कोलोरॅडोकडे बघताय! आइस डान्समध्ये एकेरीसारख्या उड्या नसतात, कडा आणि ताल. 2010 आणि 2014, दोन्ही ऑलिंपिकची आइस डान्समधली सुवर्ण आणि रौप्य जिंकणारी दोन्ही जोडपी मिशिगनमध्ये, तुमच्या शेजारच्या कॅंटनला सराव करायची: अमेरिकेची मेरिल डेव्हिस-चार्ली व्हाइट आणि कॅनडाची टेसा व्हर्च्यू-स्कॉट मोईर. डेव्हिस आणि व्हाइट मिशिगनमध्येच वाढलेले, आणि खेळता खेळता मिशिगन विद्यापीठातही जात होते. अडचण एकच, मुली खूप आणि मुलगे कमी, जोडीदार मिळणं लग्न जमवण्याहून कठीण. पण एकट्यानं नाचायचे सोलो डान्सचे गटही असतात. दुसरं, सिंक्रो: 16 जणींचा संघ, एकमेकींचे हात धरून. ऑलिंपिकमध्ये नाही, पण कॉलेजात आहे. ओहायोतलं मायामी विद्यापीठ आणि मिशिगनमधलंच ॲड्रियन कॉलेज इथे सिंक्रोचा अधिकृत संघ आहे. बाकी फिगर स्केटिंग हा एनसीएएचा, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचा, खेळ नाही, त्यामुळे पोहणाऱ्या किंवा टेनिसवाल्या मुलींसारखी शिष्यवृत्तीची आशा धरून बसू नका. कॉलेजच्या अर्जात मात्र "नऊ वर्षं पहाटे पावणेपाच" हे वाक्य वजनदार असतं. तुमच्या यजमानांना तेवढं तरी आवडेल.

म्हणून, कोलोरॅडोला पाठवू का? या वर्षी नको. स्प्रिंग्ज स्केटिंगचं जुनं, मोठं केंद्र आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ज्या मुलीच्या शरीराचा हिशोब आत्ता चुकतोय, तिला आईच्या स्वयंपाकघरापासून आणि वर्गातल्या मैत्रिणींपासून हजार मैलांहून जास्त दूर, परक्या घरात, फक्त उड्यांच्या संगतीत ठेवायचं? शाळा ऑनलाइन केली की दिवसात स्केटिंगखेरीज दुसरं काही उरत नाही. मग ॲक्सेल पडला तर तो दिवसच पडतो. उद्या डॉक्टरांनी बरं म्हटल्यावर तिनं स्वतः हट्ट धरला तर उन्हाळ्यात तीन आठवड्यांसाठी पाठवा आणि जाताना एक नियम माहीत करून घ्या: 18 वर्षांखालच्या खेळाडूबरोबर कोचनं एकट्यानं राहायचं तर ते इतरांना दिसेल आणि कुणालाही मध्ये येता येईल अशा जागीच, आणि मेसेजमध्ये पालकही हवेत. जिथे हे ऐकून कपाळाला आठी पडते तिथून मुलीला घेऊन या.

घरावर कर्ज काढू नका. यावर मी दोन्ही बाजू मांडणार नाही. 38,000 चं काय करायचं ते बसून बघा: खासगी लेसन कमी करून ग्रुपमध्ये घालता येतो, संगीतावर बसवलेला नवा प्रोग्राम दर वर्षी लागत नाही, स्पर्धेचा ड्रेस वापरलेला मिळतो. उंची वाढतेय तोवर महागडे बूट मापानं घडवून घेऊ नका. मदतीसाठी यूएस फिगर स्केटिंग या संघटनेचा मेमोरियल फंड आहे. 1961 च्या फेब्रुवारीत विश्वस्पर्धेला निघालेला अख्खा अमेरिकन संघ ब्रसेल्सजवळ विमान पडून गेला, त्यांच्या स्मरणार्थ तो निघाला. त्यातून शिक्षणासाठीही शिष्यवृत्त्या मिळतात. चौकशी करा.

भारताकडून खेळण्याचं. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद भारताची राष्ट्रीय विजेती ठरली आहे, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारताचं नाव लावून उतरली आहे, तिचं मला कौतुक आहे. पण स्नेह्यांना सांगा की ऑलिंपिकला त्या देशाचं नागरिकत्व लागतं, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. मुलीला पंधराव्या वर्षी अमेरिकेचा पासपोर्ट सोडायला सांगणार आहात का, तेही चुरस कमी म्हणून? शिवाय डबल ॲक्सेल दोन्ही देशांत अडीच गिरक्यांचाच असतो.

राहता राहिली ती. तिच्याशी बोला, पण गाडीत नको. पहाटेच्या गाडीत तुम्ही सारथी असता आणि ती सामान. कुठेतरी चालायला जा, आणि "पुढे काय करायचं ठरवलंस?" असं विचारू नका, तो प्रश्न या वयाच्या मुलांना पोलीस चौकशीसारखा वाटतो. असं विचारा: पुढच्या वर्षी कुणी मार्क देणार नसेल, कुणी बघणार नसेल, तरी बर्फावर आठवड्यातले किती दिवस जाशील? सहा म्हणाली तर सहा, दोन म्हणाली तर दोन. शून्य म्हणाली तर चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, घरी येऊन रडा, मला ओळखीचं आहे ते. उत्तर लगेच येणार नाही. येईल तेव्हा ते आकड्यात येईल आणि तो आकडा बहुतेक तुमच्या, नवऱ्याच्या आणि कोचच्या आकड्यापेक्षा वेगळा असेल.

तोपर्यंत एक करून बघा. रिंकवर काचेला चिकटून उभ्या राहता ना? पुढचे काही आठवडे राहू नका. लॉबीत कॉफी घेऊन पुस्तक वाचत बसा. ती बाहेर आली की "ॲक्सेल झाला का?" ऐवजी "भूक लागलीय का?" विचारा, आणि लागलेली असणारच असं धरून डबा तयार ठेवा. गुळतूप-पोळीची सुरळी थंडीतही मऊ राहते.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, बाकीचं सावकाश. आणि सासूबाईंना सांगा, रिंकवर पहिल्या दिवशी पोरांना पडायचं कसं तेच शिकवतात, आणि त्याचीही फी घेतात.

— तुमची ताई